पोहणारे प्लॅस्टिकचे गांडूळ: बास चावतो, पण गळाला लागत नाही

टोहोकाठ

नमस्कार. मी मध्य फ्लोरिडात किसिमी गावाजवळ राहतो. घरापासून वीस मिनिटांवर टोहोपेकलायगा हे मोठे तळे आहे; इकडचे लोक त्याला नुसते 'टोहो' म्हणतात. लहानपणी मालवणात आजोबांबरोबर खाडीवर गरवायला जात असे, तेव्हापासूनची ही आवड. येथे आल्यावर ती लार्जमाऊथ बास या मोठ्या तोंडाच्या, गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाकडे वळली, आणि गेले वर्षभर मी मऊ प्लॅस्टिकची पोहणारी गांडुळे वापरतो आहे. तळाशी पडून राहणारी नव्हेत. दोरी गुंडाळू लागलो की शेपटी फडफडवत पाण्यातून सरळ पुढे येणारी, म्हणजे ज्यांना येथे स्विमवर्म म्हणतात ती.

माझी मांडणी अशी: सहा इंचांचे गांडूळ, ३/० मापाचा गळ, पुढे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे पाव औंसाचे वजन, आणि टेक्सास पद्धतीने, म्हणजे गळाचे टोक गांडुळाच्या अंगातच रुपवून, ओवणे. गवताच्या कडेला समांतर टाकतो आणि पृष्ठभागाच्या थोडे खालून ओढत आणतो. चावे भरपूर मिळतात. हाताला टक्-टक् असे दोन ठोके जाणवतात, मी काठीला झटका देतो, आणि गांडूळ रिकामे परत येते. पुष्कळदा शेपटी गेलेली असते. गेल्या शनिवारी अकरा चावे मिळाले आणि मासे हाती आले दोन.

चूक गळाच्या मापात आहे, ओवण्यात आहे, की माझ्या हातात? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

खवल्या

सहा इंची जाड गांडुळाला ३/० लहान पडतो. ४/० किंवा ५/० लावून पाहा. गांडुळाचे अंग दबून टोक बाहेर यायला गळाच्या पोटात जागाच उरत नसेल, तर मासा लागणार कुठून?

पाइनवनातला

खवल्या यांचे म्हणणे बरोबर आहे, पण माझ्या मते मुख्य कारण दुसरे आहे. मी पूर्व टेक्सासमध्ये तेवीस वर्षे बास पकडतो आहे आणि पहिली दोन वर्षे माझीही हीच तक्रार होती.

बास भक्ष्याला दातांनी पकडत नाही. तो तोंड आणि कल्ले एकदम उघडतो, त्यासरशी पाणी आत ओढले जाते आणि पाण्याबरोबर भक्ष्यही. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडते. आता विचार करा: तुमचे गांडूळ त्याच्यापासून दूर पळते आहे, तो मागून येतो आहे आणि दोरी ताणलेली आहे. त्याने पाणी ओढले तरी ताणामुळे गांडूळ पूर्ण आत जात नाही, शेपटीकडचा अर्धा भागच ओठात येतो. पहिला ठोका म्हणजे हाच क्षण. तुम्ही तेव्हाच झटका देता, आणि ते त्याच्या तोंडातून काढून घेता.

म्हणून पोहणाऱ्या गांडुळावर ठोका जाणवला की काहीही करू नये. रीळ त्याच संथ गतीने फिरवत राहावे. काठीचे टोक आधीच थोडे वर धरलेले असेल, तर मासा वळताना काठी आपोआप वाकू लागते आणि हाताला ठोक्याऐवजी वजन लागते, ओल्या गोणपाटासारखे जड. मगच काठी एका बाजूला लांब आणि दमदार ओढावी. तळावर पडलेल्या गांडुळाची गोष्ट निराळी: तेथे चावा कळताच सैल दोरी गुंडाळून लगेच झटका द्यावा लागतो, कारण उशीर झाला तर मासा ते थुंकतो किंवा पोटापर्यंत गिळतो. तीच सवय आपण इथेही वापरतो आणि फसतो.

दुसरी गोष्ट ओवण्याची. गांडूळ गळावर काठीसारखे सरळ बसले पाहिजे. गळाचे टोक नाकातून साधारण अर्धा इंच आत घालून खालून बाहेर काढावे आणि गळ फिरवून त्याचा खांदा नाकात बसवावा. मग गांडूळ मोकळे लोंबू द्यावे, गळाची वाकण त्याच्या अंगाला जिथे टेकते तिथे नखाने खूण करावी आणि टोक बरोबर त्या खुणेतून आरपार घालावे. शेवटी टोकाच्या पुढची कातडी किंचित ओढून टोक तिच्याखाली झाकावे. खूण न करता अंदाजाने घातले की गांडुळाला पोक येतो, ते भोवऱ्यासारखे फिरते आणि दोरीला पीळ पडतो.

हडसनपलीकडे

पाइनवनातला यांच्या पहिल्या मुद्द्याशी पूर्ण सहमत, दुसऱ्याशी मुळीच नाही. मी न्यू जर्सीत राहतो आणि मला ज्या वृद्ध शेजाऱ्यांनी हे शिकवले, त्यांचा पहिला धडाच असा होता की गांडूळ वाकडे ओवायचे. पुढच्या भागाला मुद्दाम पोक काढायचा, म्हणजे ते ओढताना गिरक्या घेते. सरळ ओवलेले गांडूळ पाण्यातून काडी ओढल्यासारखे येते, असे ते म्हणत. दोरीला पीळ पडू नये म्हणून गळाच्या दीड फूट आधी पितळी फिरकी बांधायची. चांगली, छर्रे असलेली फिरकी, कारण साधी फिरकी ताणाखाली फिरत नाही. वजन अजिबात लावायचे नाही. या मांडणीवर मी उथळ तळ्यांत शेकड्यांनी बास पकडले आहेत.

तांपावासी

आपण दोघेही बरोबर आहात, कारण आपण दोन वेगळ्या गांडुळांबद्दल लिहीत आहात.

हडसनपलीकडे यांचे गांडूळ जुन्या घडणीचे आहे: सरळ अंग, निमुळती शेपटी. त्याला स्वतःची हालचाल नसते, म्हणून ती वाकवून द्यावी लागते, आणि फिरकी अनिवार्य ठरते. टोहोकाठ यांच्या गांडुळाची शेपटी पसरट वल्ह्यासारखी घडवलेली आहे. पाण्याचा दाब तिच्यावर आळीपाळीने पडतो आणि ती आपोआप फडफडते. अशा गांडुळाला पोक काढला, तर गिरकीमुळे शेपटीचे काम बंद पडते. दुकानात दोन्हींच्या पाकिटांवर पोहणारे गांडूळ असेच छापलेले असते, त्यामुळे हा गोंधळ नवीन माणसाच्या वाट्याला हमखास येतो.

टोहोकाठ, तुमचे पाव औंसाचे वजन मला जास्त वाटते. पाणी तीन-चार फूट खोल असेल, तर एक अष्टमांश औंस पुरे. जड वजन असले की गांडूळ वर ठेवण्यासाठी वेगाने गुंडाळावे लागते, आणि वेग वाढला की चुकलेले चावे वाढतात. योग्य वेग ओळखायची माझी रीत सोपी आहे: गांडूळ नावेच्या किंवा काठाच्या अगदी जवळ, डोळ्यांना दिसेल असे ओढून पाहावे, आणि शेपटी जेमतेम फडफडेल तो वेग हाताला लक्षात ठेवावा. त्याहून जलद कशासाठी?

गोदाकाठ

मी नाशिकचा. बास कधी पाहिलेला नाही, पण वर्णन वाचून आपला मरळ आठवला. तोही पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि एकदम झेप घेतो. आमच्याकडे जिवंत बेडकी गळाला लावतात. हल्ली रबरी बेडूकही मिळतात. मरळाने बेडूक घेतल्यावरही घाई केली की तो हातचा जातो, हे अनुभवाने सांगतो.

दोन प्रश्न आहेत. खऱ्या गांडुळाऐवजी प्लॅस्टिकचेच का? आणि ती शेपटी कशी तुटते, फाटते की कापली जाते? मरळाचे दात तीक्ष्ण असतात, त्यामुळे आमच्या रबरी बेडकांचे पाय सफाईने कापलेले दिसतात.

टोहोकाठ

गोदाकाठ, आपला दुसरा प्रश्न वाचून मी आत्ताच गॅरेजमध्ये जाऊन आमिषांची पेटी उघडली. शनिवारची सात गांडुळे अजून तीत आहेत. तिघांची शेपटी ब्लेडने कापावी तशी सरळ रेषेत गेली आहे. दोघांची ताणून तुटल्यासारखी आहे, टोकाला प्लॅस्टिकची बारीक दशी लोंबते आहे. उरलेल्या दोघांची शेपटी शाबूत आहे, पण डोके फाटले आहे. हा फरक मी आजवर पाहिलाच नव्हता.

जलचर

टोहोकाठ, तुमच्या पेटीत निम्मे उत्तर आहे.

बासच्या जबड्यात कापणारे दात नसतात. कानसेसारखे, बारीक आणि दाट दात असतात, म्हणून तर त्याचा खालचा ओठ अंगठ्याने धरून त्याला उचलता येते. दिवसभर मासे मिळाले की अंगठ्याची कातडी सोलवटते, तेवढेच. त्यामुळे ब्लेडने कापल्यासारखी शेपटी बासचे काम असणे कठीण. फ्लोरिडाच्या गवताळ तळ्यांत चेन पिकरेल आणि बोफिन हे दातांचे मासे भरपूर असतात, ती तीन गांडुळे त्यांनी कापली असावीत. ताणून तुटलेल्या दोन शेपट्या ब्लूगिलच्या वाटतात. हे तळहाताएवढे मासे शेपटीचे टोक धरून मागे खेचतात, गळापर्यंत त्यांचे तोंड पोहोचतच नाही. डोके फाटलेली दोन गांडुळे मात्र बासच्या तोंडात गेली होती. म्हणजे अकरा चाव्यांतले निदान पाच बासचे नव्हतेच, आणि तुमचा हिशेब तुम्हाला वाटतो तितका वाईट नाही.

गोदाकाठ यांच्या मरळाशी तुलना योग्य आहे. कुळे अगदी वेगळी असली, तरी दोन्ही आडोशाचे शिकारी, आणि दोन्हींमध्ये पिलांची राखण होते. बासचा नर उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून घरटे करतो, आणि अंडी व पिलांवर पहारा देतो. नावात बास असले, तरी तो खरे पाहता सनफिश कुळातला, म्हणजे ब्लूगिलचाच मोठा भाऊबंद आहे. अलीकडच्या वर्गीकरणात फ्लोरिडातला बास आणि उत्तरेकडचा लार्जमाऊथ या दोन स्वतंत्र जाती मानल्या जातात; फ्लोरिडाचा बास आकाराने अधिक वाढतो.

शेपटीच्या फडफडण्याचे महत्त्वही यातूनच कळते. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी पार्श्वरेषा असते आणि तिला पाण्यातली मंद कंपने जाणवतात. टोहोसारख्या तळ्यात झाडपाल्यामुळे पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस झालेले असते. तिथे बास गांडूळ दिसण्याच्या आधी ते ओळखतो, आणि म्हणूनच अशा पाण्यात गडद जांभळा किंवा काळा रंग चालतो, ज्याची बाह्याकृती वर पाहताना उठून दिसते.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना आवडेल. ज्या हायड्रिलाच्या कडेला टोहोकाठ गळ टाकतात, ती पाणवनस्पती मूळची भारतासह आशियातली. १९५० च्या दशकात ती मत्स्यालयांच्या व्यापारातून फ्लोरिडात गेली आणि तळीच्या तळी व्यापून बसली. तिच्या नियंत्रणावर तिथे सरकारला मोठा खर्च करावा लागतो, आणि बास पकडणारे मात्र तिची कडा शोधत फिरतात.

पाइनवनातला

जलचर यांचे निदान वाचून फार आनंद झाला. कापलेली आणि ताणलेली शेपटी हा भेद मी इतकी वर्षे पाहत होतो, पण त्याचा हिशेब कधी मांडला नव्हता.

गोदाकाठ यांचा पहिला प्रश्न राहिला: प्लॅस्टिकचेच का? खरे गांडूळ गळावर टिकत नाही, गवतातून ओढताना फाटते, आणि त्याच्यावर आधी लहान मासेच तुटून पडतात. शिवाय खऱ्या गांडुळाला टोक लपवून ओवता येत नाही, त्यामुळे गळ प्रत्येक काडीत अडकतो. १९४९ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात निक क्रीम नावाच्या यंत्रकारागिराने पत्नी कोझ्मा हिच्या मदतीने घरच्या घरी व्हिनाइल, तेले आणि रंग शिजवून पहिले यशस्वी मऊ गांडूळ साच्यात ओतले. पुढे त्यांचा कारखाना माझ्या गावाजवळ, टेक्सासमधल्या टायलर येथे आला. त्या काळात पूर्व टेक्सासमध्ये नवी धरणे होत होती आणि बुडालेल्या झाडांनी भरलेल्या त्या पाण्यात उघडा गळ चालणे शक्यच नव्हते. टोक लपवण्याची रीत रुजायला याहून योग्य जागा सापडली नसती, आणि तिला टेक्सासचे नाव पडले ते उगीच नाही.

खवल्या

मग ही गांडुळे घरी ओतता येतील का? फाटलेली वितळवून पुन्हा वापरता येतात, असे ऐकले आहे.

पाइनवनातला

येतात, मीही ओततो, पण स्वयंपाकघरात कधीही नाही. हे द्रावण साधारण ३५० अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे १७५ सेल्सिअसला, वितळते. करपले तर त्यातून निघणारा धूर फुप्फुसाला घातक असतो, आणि साच्यात पाण्याचा एक थेंब राहिला तरी ते कढत तेलासारखे उडते. मोकळी हवा, चष्मा, लांब बाह्या आणि हातमोजे याशिवाय हात घालू नये. नुसते डोके फाटले असेल, तर लायटरची ज्योत दोन कडांवर क्षणभर धरून त्या चिकटवाव्यात; तेवढ्याने एक गांडूळ तीन-चार माशांना पुरते. ताणले तरी न तुटणारी, पाण्यावर तरंगणारी जी नव्या प्रकारची गांडुळे मिळतात, ती मात्र साध्या गांडुळांच्या डब्यात ठेवू नका. दोन्हींची रसायने एकमेकांना लागून डब्यात चिकट लगदा होतो.

तांपावासी

फाटलेल्या गांडुळांचा विषय निघाला म्हणून मनातले लिहिते. गेल्या वर्षी माझ्या मुलाने पकडलेला एक बास आम्ही खाण्यासाठी ठेवला. साफ करताना त्याच्या पोटात एक हिरवे गांडूळ निघाले, मूळच्या जाडीच्या जवळजवळ दुप्पट फुगलेले आणि टणक. मासा हडकुळा होता. मुलगा बराच वेळ ते गांडूळ हातात धरून उभा होता आणि मग त्याने विचारले, हे आपणच टाकलेले असेल का? त्या दिवसापासून आमच्या नावेत एक झाकणाचा डबा असतो आणि निकामी गांडूळ त्याच डब्यात जाते. तुटलेली शेपटी तरंगताना दिसली तर तीही जाळीने उचलतो. काठावर इतरांनी टाकलेली गांडुळे दिसली की मन विषण्ण होते.

हडसनपलीकडे

तांपावासी, अगदी खरे. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मेन राज्यात २०१३ मध्ये अशा मऊ आमिषांवर बंदी आणण्याचे विधेयक याच कारणासाठी आले होते. बंदी झाली नाही, पण चर्चा झाली हे चांगले झाले. विरघळणारी आमिषे बाजारात आहेत, ती मी वापरून पाहिली. मासे मिळतात, पण पाकीट उघडे राहिले की ती सुकून दगड होतात.

शिशाच्या वजनांबद्दलही लिहायला हवे. लून पक्षी ती गिळून विषबाधेने मरतात, म्हणून ईशान्येकडच्या अनेक राज्यांत लहान शिशाच्या वजनांवर निर्बंध आहेत. टंगस्टन महाग पडते, पण शिशापेक्षा ते सुमारे पावणेदोन पट घन असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी बरीच लहान होते आणि गवतातून सुळकन निघते.

खवल्या

तांपावासींनी मासा खाल्ला म्हणून विचारतो: चव कशी असते? रव्यात घोळवून तळला तर?

तांपावासी

पांढरे, घट्ट आणि सौम्य चवीचे मांस असते. हळद, तिखट, कोकमाचे आगळ लावून रव्यात तळला तर उत्तम लागतो. मात्र आम्ही वर्षातून एक-दोनदा, आणि लहानच मासे ठेवतो. बास हा साखळीच्या टोकावरचा शिकारी असल्याने मोठ्या माशात पारा साठतो. फ्लोरिडाच्या आरोग्य खात्याने तळ्यागणिक किती खावा याच्या सूचना दिलेल्या आहेत, गर्भवती स्त्रियांनी आणि मुलांसाठी त्या जरूर पाहाव्यात. शिवाय येथे दिवसाला पाच बास ठेवता येतात आणि त्यांतला एकच सोळा इंच किंवा त्याहून मोठा असू शकतो. दहा पौंडांच्या माशाचे वय दहा वर्षांच्या आसपास असते आणि ती जवळजवळ नेहमी मादी असते. तिला सोडून द्यावे, असे मला मनापासून वाटते.

हडसनपलीकडे

आमच्याकडे १५ एप्रिल ते १५ जून या काळात बास पकडला तरी लगेच सोडावाच लागतो. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा असतो, परवाना काढतानाच तो वाचून घ्यावा.

टोहोकाठ

दोन आठवड्यांनी परत लिहितो आहे, कारण सांगण्यासारखे काही हाती आल्याशिवाय लिहायचे नाही, असे ठरवले होते.

गळ ४/० केला, वजन एक अष्टमांश औंसाचे टंगस्टन घेतले, आणि नखाची खूण करून गांडूळ सरळ ओवले. काल पहाटे साडेपाचला पाण्यात उतरलो. पहिला ठोका आला तेव्हा हात सवयीने उचललाच गेला आणि गांडूळ रिकामे आले. दुसऱ्यांदा मी रिळाच्या मुठीकडे बघत मोठ्याने आकडे मोजू लागलो. एकवर टक्, दोनवर टक्, तीनला काही नाही, आणि चारला काठीचे टोक हळूहळू पाण्याकडे झुकू लागले. पाइनवनातला यांनी लिहिलेले ओल्या गोणपाटाचे वजन म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले. काठी बाजूला ओढली. मासा एकदाच पाण्याबाहेर आला, कल्ले फाकून डोके झटकले, आणि गवतात घुसला. दोरी ताणून धरून नाव त्याच्याकडे नेली, तेव्हा मुठीएवढ्या हायड्रिलासकट तो वर आला. गळ वरच्या ओठाच्या बरोबर कोपऱ्यात होता. पाच पौंड दोन औंस. दोन्ही हातांनी आडवा धरून पाण्यात ठेवला, त्याने दोनदा कल्ले हलवले आणि माझ्या बोटांवर पाणी उडवून तो गेला.

दिवसभरात नऊ चावे आले. दोन शेपट्या कापलेल्या निघाल्या, त्या मी जलचर यांच्या हिशेबाप्रमाणे वजा केल्या. उरलेल्या सातांपैकी पाच मासे हाती आले. एक पहिल्या घाईत गेला, आणि एक नावेजवळ सुटला, त्याचे कारण अजून समजलेले नाही.

पाइनवनातला

नावेजवळ सुटला तेव्हा आपण कोणती दोरी वापरत होता? विणलेली दोरी जराही ताणली जात नाही, त्यामुळे जवळच्या अंतरावर माशाने डोके झटकले की ओठात गळाने पाडलेले भोक रुंद होते आणि गळ निसटतो. साधे तंगूस थोडे ताणते आणि तो झटका पचवते.

टोहोकाठ

विणलेलीच होती, चाळीस पौंडांची. गवतातून मासा काढायला ती बरी पडते, म्हणून घेतली होती.

पाइनवनातला

मग ती बदलू नका, गवतात तीच हवी. मासा नावेपासून दहा फुटांवर आला की रिळाची पकड एक-दोन खटके सैल करा आणि काठी खाली, पाण्याला समांतर धरा. तो शेवटचा झटका काठीला सोसू द्या.

गोदाकाठ

आकडे मोजण्याची युक्ती मी या रविवारी गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर मरळासाठी करून पाहणार आहे. रबरी बेडूक आहेच. चारपर्यंत मोजायचे की मरळाला आणखी वेळ द्यायचा, ते येऊन लिहितो.